रुसव्याचे मीठ

फार पूर्वी, पश्चिम समुद्राच्या काठी लवणपट्टण नावाच्या नगरात राजा धृतकीर्ती गादीवर असताना, बोधिसत्त्व मीठ शिजवणाऱ्यांच्या कुळात जन्माला आले. आईबापांनी त्यांचे नाव सोमिल ठेवले. ते वयात आल्यावर मीठवाल्यांच्या साऱ्या कुळांनी त्यांना आपले म्होरकेपण दिले, कारण भांडण मिटवायला सोमिल गेले की दोन्ही बाजू एकाच पंक्तीला जेवून घरी परतत.

लवणपट्टणात मीठ शिजवत असत. आज ऐकून हसू येईल, पण तिथली रीतच तशी होती. खाडीचे पाणी मोठमोठ्या कढयांत भरायचे, खाली भट्टी पेटवायची आणि तळाशी करडे, धुराच्या वासाचे मीठ उरेपर्यंत लाकूड सारत राहायचे. हे लाकूड खाडीच्या चिखलात उगवणाऱ्या तिवरांचे असे. तिवरे तोडणारी कुळे वेगळी होती आणि त्यांचा म्होरक्या होता मल्लक. मल्लक आणि सोमिल लहानपणी एकाच चिखलात खेकडे धरत वाढले होते. मोठेपणी एकाने कुऱ्हाड धरली, दुसऱ्याने कढई. एकाचे काम थांबले की दुसऱ्याची चूल थंडावे, त्यामुळे दोघांची मैत्री टिकायला आणखी कसली गरज नव्हती.

पण तिवरांचे बन दर वर्षी मागे सरकत होते. पूर्वी ते इतके दाट होते म्हणतात की, समुद्राची लाट गावापर्यंत पोचेतो दमून जाई. आता गाव आणि उघडा समुद्र यांच्यामध्ये थोरले बन तेवढे उरले होते. बाकी सगळीकडे ओसाड चिखल पसरला होता. मागच्या पावसाळ्यात त्या ओसाडीतून समुद्र आत शिरला. गावाच्या विहिरी खारट झाल्या, भाताची रोपे करपली, आणि तिवरांच्या मुळांत अंडी घालायला येणारी मासळी दिसेनाशी झाली. थोरले बन तुटले तर पुढच्या पावसाळ्यात गाव राहणार नाही, हे न कळण्याइतके कोणी वेडे नव्हते. आणि भट्ट्यांसाठी नवे लाकूड आता थोरल्या बनाखेरीज कुठेच नव्हते.

धृतकीर्ती राजा मनाने चांगला होता. त्याची खोड एवढीच की, शेवटी जो बोलून जाई त्याचे त्याला पटे. सकाळी शेतकरी आणि कोळी रडत दरबारात आले. राजाने दवंडी पिटवली, थोरल्या बनाला कुऱ्हाड लावणाऱ्याचा हात तोडला जाईल. दुपारी मीठवाले आणि लाकूडतोडे बायकामुलांसह रिकाम्या कढया घेऊन आले. राजाने दुसरी दवंडी पिटवली, बन तोडायला हरकत नाही. संध्याकाळपर्यंत दवंडीवाल्याचे डोके इतके भणाणले की, तो चौकाचौकांत नुसताच ढोल वाजवून घरी गेला.

त्या संध्याकाळी मल्लक सोमिलांच्या अंगणात येऊन बसला. मग म्हणाला, "बन तोडलं तर समुद्र पावसाळ्यात येईल. बन ठेवलं तर भूक उद्याच येईल. माझ्या माणसांनी आधी कुणाच्या तोंडी जायचं, ते तू सांग."

बोधिसत्त्व मित्राशेजारी बसून राहिले आणि अंधार पडल्यावर दोघे आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी रुसवा झाडायचा सण होता. ही चालही फक्त लवणपट्टणची. भरतीच्या रेषेच्या वर काळे खडक होते आणि त्यांच्या खळग्यांत पावसाळा सरल्यावर पांढरी खपली धरत असे. पहिल्या पूर्वजाने समुद्राला न विचारता त्याचे मीठ घेतले, तेव्हापासून समुद्र रुसलाय आणि ही खपली म्हणजे त्याचा रुसवा, अशी तिथे समजूत होती. भट्ट्या पेटवण्याआधी गावातल्या साऱ्या बायका शिंदीच्या केरसुण्या घेऊन खडकांवर जात, गाणी म्हणत तो रुसवा झाडून समुद्रात लोटत आणि समुद्राची क्षमा मागत. रुसवा जिभेला लावायचा नाही, असा सक्त दंडक होता. जो चाखेल त्याची भट्टी विझेल, असे म्हाताऱ्या सांगत.

पहिली केरसुणी फिरवण्याचा मान सोमिलांच्या मेखला आत्याचा होता. आत्याचे गुडघे दुखत असल्याने सोमिल तिला हात धरून खडकांवर घेऊन गेले. तिला खाली बसवून ते शेजारी बसले. डोक्यात मल्लकाचाच प्रश्न घोळत होता. समोर बायका केरसुण्या फिरवत होत्या, पांढरी भुकटी उडत होती, ऊन तापत होते. बघता बघता बोधिसत्त्वांची नजर एका खळग्यावर खिळली. तळाशी थोडे पाणी होते आणि पाण्याच्या कडेने पांढरी रेघ धरली होती. खळगा उन्हात होता. खाली लाकूड नव्हते, जाळ नव्हता, धूर नव्हता.

त्यांनी त्या रेघेवर बोट फिरवले आणि जिभेवर ठेवले.

"अरे, काय केलंस हे!" आत्या ओरडली. "थुंक ते आधी."

बोधिसत्त्व थुंकले नाहीत. "आत्या, हे मीठ आहे."

"रुसवा आहे तो."

"तू चाखून बघ."

"माझी भट्टी विझेल."

"ती अजून पेटलीय कुठे?"

आत्याला हे पटण्यासारखे वाटले. तिने डोळे मिटून, समुद्राला हात जोडून, बोटाचे टोक जिभेला लावले. मग डोळे उघडून दुसऱ्यांदा लावले. तिसऱ्यांदा तर तिने चिमूटभरच उचलले. आयुष्यभर धुरकट मीठ खाल्लेल्या तिच्या तोंडाला इतकी स्वच्छ चव कधी लागली नव्हती. ती केरसुणीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी हे झाडून टाकत होते?"

झाडून टाकत होते सगळेच. ऊन त्यांना फुकट मीठ करून देत होते, ते हे लोक क्षमा मागून समुद्रात लोटत होते आणि मग तेच मीठ मिळवायला रानामागून रान जाळत होते. मला तर ही कथा सांगताना दर वेळी इथे हसावे की रडावे ते कळत नाही. आत्याला कळले. ती खडकावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि तिला पाहून साऱ्या बायका केरसुण्या टाकून खळग्यांशी धावल्या.

बातमी गावात पोचली तेव्हा एकच गोंधळ उडाला. मीठवाले धावत खडकांवर आले. कोणी चाखले, कोणी पदरात बांधले, कोणी एकमेकांच्या तोंडात कोंबले. सोमिलांनी ओल्या वाळूत बोटाने आखून दाखवले. ओसाड चिखलात बांध घालून वाफे करायचे, भरतीचे पाणी आत घ्यायचे, मग दार लावून बाकीचे काम उन्हावर सोपवायचे. लाकडाची एक काटकी लागणार नाही. हे ऐकताच पुष्कल नावाच्या तरुण मीठवाल्याने सोमिलांना खांद्यावर उचलून घेतले. बन वाचले, गाव वाचले, काम वाचले, असे ओरडत लोक नाचू लागले.

खांद्यावर उंच बसलेल्या बोधिसत्त्वांना गर्दीच्या पलीकडचेही दिसत होते. तिथे लाकूडतोडे उभे होते. कुऱ्हाडी खांद्यावर घेऊन. लाकडाची काटकी लागणार नाही, हे त्यांनीही ऐकले होते. मल्लक सोमिलांकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, याचेच सोमिलांना जास्त वाईट वाटले.

सोमिल पुष्कलाला म्हणाले, खाली उतरव. मग त्यांनी विचारले की, लाकूडतोड्यांचे काय करायचे. पुष्कलाला त्या आनंदात हा प्रश्न कंटाळवाणा वाटला. "त्यांचं ते बघतील," तो म्हणाला. "आजवर आपलं आपणच बघत आलो ना?" बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

राजाला कळायला वेळ लागला नाही. त्याने सोमिलांना बोलावून मोठा सत्कार केला. मग म्हणाला की, लाकडावाचून मीठ होणार असेल तर लाकूडतोड्यांची कुळे हवीत कशाला? त्यांना डोंगरापलीकडे धाडून देऊ. सोमिलांनी साऱ्या मिठाचे अध्यक्ष व्हावे, वाड्यात राहावे, हत्तीवरून फिरावे.

बोधिसत्त्वांनी नमस्कार केला. "महाराज, ज्या मिठासाठी माझ्या शेजाऱ्याला गाव सोडावं लागेल, ते मीठ मी आधी समुद्रातच लोटेन. त्याची आम्हाला सवय आहे."

राजा खजील झाला, पण त्याचेही दुखणे होते. त्याच्या कोठारातले मीठ संपत आले होते आणि मिठावाचून राज्य चालत नाही. शेवटी ठरले ते असे. फाल्गुनाच्या पौर्णिमेपर्यंत भट्ट्या पेटवायच्या नाहीत. तोवर वाफे पांढरे झाले तर थोरले बन राहील. नाही झाले तर मल्लकाच्या माणसांनी त्याच दिवशी बनाला कुऱ्हाड लावायची. ही आज्ञा राजाला पुन्हा बदलता आली नाही, कारण दवंडीवाल्याने सांगून टाकले होते की आता एकदाच काय ते सांगा.

सोमिल तिथून थेट मल्लकाकडे गेले. म्हणाले, वाफ्यांतल्या मिठाचा अर्धा वाटा तुझ्या कुळांचा, मीठवाल्यांना मी राजी करतो. मल्लक कुऱ्हाडीला धार लावत होता. त्याने मान वर केली नाही.

"हातातलं काम काढून घ्यायचं आणि वर वाटा द्यायचा," तो म्हणाला. "कामाचा असतो तो वाटा. बिनकामाची असते ती भीक. मी तुझा मित्र आहे, सोमिल. मला भीक घालू नकोस."

बोधिसत्त्व उठून घरी आले. मित्राचे म्हणणे खरे होते, आणि तो सल त्यांच्या मनात राहिला.

वाफ्यांचे काम सुरू झाले, आणि काय सांगावे त्या कामाची शोभा! मीठवाल्यांना कढई ओळखीची, चिखल नव्हे. त्यांनी बांध घातला तो एका भरतीत बसला. पुन्हा घातला तो आडवा झाला. मग उंच घातला, तो आपल्याच वजनाने खचला आणि त्यात पुष्कल कमरेपर्यंत रुतला. त्याला दोरी लावून ओढून काढावे लागले. लाकूडतोडे रचून ठेवलेल्या जुन्या लाकडांच्या ढिगावर बसून हे सगळे बघत. भट्ट्यांसाठी आधीच तोडून आणलेला तेवढाच ढीग गावात शिल्लक होता.

तरी नेटाने एक बांध उभा राहिला. भरतीचे पाणी वाफ्यांत आले, दार लागले, ऊन तापू लागले. गाव दिवसचे दिवस वाफ्यांच्या काठावर बसून राही. पाणी दाट झाले. मग एका सकाळी मेखला आत्याला आतल्या वाफ्यात कडेने पांढरी रेघ दिसली आणि तिने इतक्या मोठ्याने हाक मारली की, लोक जेवती पाने टाकून धावले. अजून थोडे ऊन हवे होते. फार थोडे.

आणि फाल्गुनाची पौर्णिमा उजाडली.

पौर्णिमेची भरती त्या किनाऱ्याला भर दुपारी येते आणि फाल्गुनातली तर वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी एक. सकाळपासूनच वारा समुद्राकडून सुटला. राजा हत्तीवरून येऊन उंचवट्यावर थांबला. एकीकडे सारे मीठवाले बांधावर, दुसरीकडे लाकूडतोडे ढिगावर, कुऱ्हाडी मांडीवर. पाणी चढू लागले. थोरल्या बनाच्या आडोशाला लाटा मऊ होऊन येत होत्या, पण बनाच्या बाहेर, जिथे तिवरे कधीच तोडली गेली होती, तिथून त्या सरळ बांधावर आदळत होत्या. मध्यावर बांधाला ओल फुटली. मीठवाल्यांनी चिखल लोटला. ओलीची धार झाली. त्यांनी भट्टीवरच्या मोठ्या कढया उतरवून आणल्या आणि चिखलाने भरभरून त्या धारेत ओतल्या. मग एक लाट आली आणि बांध मधोमध फुटला.

बाहेरचे वाफे डोळ्यांदेखत बुडाले. कितीतरी दिवसांचे ऊन एका क्षणात समुद्रात गेले. बायकांनी तोंडावर हात ठेवले. आतल्या वाफ्यांच्या आणि समुद्राच्या मध्ये आता एक बुटका वरंबा उरला होता.

तेवढ्यात मल्लक ढिगावरून उतरला. त्याच्यामागून त्याची सारी माणसे उतरली आणि कुऱ्हाडी घेऊन झपाझप चालू लागली. पुष्कलाचे धाबे दणाणले. ते थोरल्या बनाकडे निघाले, असेच सगळ्यांना वाटले, आणि तो त्यांचा हक्कही होता. पण मल्लक बनाच्या वाटेला वळला नाही. तो सरळ पाण्यात शिरला आणि सोमिलांसमोर येऊन उभा राहिला. तो भयंकर संतापला होता.

"असा घालतात बांध?" तो म्हणाला. "इतके दिवस बघतोय, आता बघवत नाही. पायाखाली काय आहे ते तरी बघितलंस का?"

"चिखल आहे," सोमिल म्हणाले.

"चिखल सगळीकडेच आहे. बुंधे कुठे आहेत?"

सोमिलांना काही कळेना. मल्लकाने त्यांना बाजूला सारले आणि तो पायाने चाचपत पाण्यातून पुढे गेला. एका जागी थांबून त्याने पाय आपटला. पाणी त्याच्या कमरेपर्यंत होते, पण तो रुतला नाही. चिखलाखाली त्याच्या बापाने तोडलेल्या तिवराचा बुंधा होता. त्याची मुळे अजून जमीन धरून होती. मल्लकाने हाक दिली. दुसरा लाकूडतोड्या पुढे झाला, चाचपत गेला आणि आपल्या आजाने तोडलेल्या झाडावर उभा राहिला. मग तिसरा गेला, मग बाकीचे. कुठले झाड कोणत्या कुळाने पाडले हे त्यांना घराच्या उंबरठ्यासारखे ठाऊक होते. बघता बघता उसळत्या पाण्यात माणसांची एक लांबलचक रांग उभी राहिली. एकेका तुटलेल्या झाडाच्या जागी एकेक माणूस. नाहीसे झालेले बन त्या दुपारी गावाने पुन्हा पाहिले, आणि लाटा त्या रांगेवर येऊन खरोखरच दमू लागल्या.

"ढीग आणा," मल्लक ओरडला.

सारे गाव ढिगावर तुटून पडले. भट्ट्यांसाठी राखलेली लाकडे हातोहात आली. कुऱ्हाडी चालल्या, टोके काढली गेली, बुंध्या-बुंध्यांमध्ये खुंट ठोकले गेले. मीठवाल्यांनी कढया भरभरून चिखल दिला. राजाही हत्तीवरून उतरला आणि हत्ती लाकडे वाहायला देऊन टाकला. यंदा प्रथमच त्याने कोणाचे मत विचारले नव्हते. पाणी वर चढले, खुंटांच्या माथ्याला टेकले, तिथेच थोडा वेळ डुचमळत राहिले आणि मग, अगदी सावकाश, खाली जाऊ लागले.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मागे आतले वाफे उन्हात शांत पडून होते. उतरत्या उन्हात त्यांच्यावर पांढरी साय धरली. मेखला आत्या गुडघे विसरून वाफ्यात उतरली आणि तिने पहिली मूठ उचलली. ती मूठ तिने राजाला दिली नाही, सोमिलांनाही दिली नाही. चिखलाने माखून बसलेल्या मल्लकाच्या तळहातावर ठेवली.

मल्लकाने ते मीठ चाखले. मग सोमिलांकडे बघून तो हसला. "आता वाटा दे," तो म्हणाला. "आता घेतो."

त्या वर्षी भट्ट्या पेटल्या नाहीत. पेटवायला लाकूडच उरले नव्हते, सगळा ढीग बांधात गेला होता. रुसवा चाखला की भट्टी विझते हे मी आधीच सांगितले होते, असे आत्या पुढे मरेपर्यंत सांगत राहिली. नुसता बांध समुद्रापुढे टिकत नाही, त्याच्यापुढे तिवरे हवीत, हे मल्लकानेच दाखवून दिले. मग दर पावसाळ्यात लाकूडतोडी कुळे बांधाबाहेर तिवरांची रोपे लावू लागली आणि कोरड्या दिवसांत बांध राखू लागली. अर्धे मीठ त्यांचे असे आणि त्यावर पुष्कलानेही पुन्हा कधी कुरकुर केली नाही. काही वर्षांनी मुळांत मासळी परत आली. बायका सणाला अजूनही केरसुण्या घेऊन खडकांवर जात, फक्त आता झाडलेले टोपलीत भरत आणि एक मूठ समुद्राला देत.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात सांगितली, त्याला कारण घडले होते. विहारातल्या भिक्षूंची चीवरे, म्हणजे अंगावरची वस्त्रे, रंगवणारा बिल्वक नावाचा रंगारी रंगाकरता विहाराच्या उपवनातल्या झाडांची साल काढत असे आणि झाडे वाळू लागली होती. उपवन राखणाऱ्या क्षेमक भिक्षूने त्या दिवशी त्याला कुऱ्हाडीसकट पकडून सभेत आणले होते. त्याला हाकलून द्या, झाडे वाचतील, असे क्षेमकाचे म्हणणे होते. मग हा खाईल काय, असे कोणी विचारले, तेव्हा क्षेमक म्हणाला होता, त्याचं तो बघेल. बिल्वक दाराबाहेर मान खाली घालून उभा होता.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळची मेखला आत्या आज या सभेत नाही, ती केव्हाच पैलतीराला गेली. राजा धृतकीर्ती म्हणजे या विहाराला दान देणारे, तिथे मागे बसलेले गृहपती. आपल्या बापाने तोडलेल्या झाडावर उभं राहून ज्यानं समुद्र अडवला, तो मल्लक म्हणजे दाराबाहेरचा हा रंगारी. सोमिल मीच होतो."

क्षेमकाने हात जोडून विचारले, "आणि पुष्कल, भगवन्?"

शास्त्यांनी क्षेमकाकडे प्रेमाने पाहिले.

क्षेमक उठला, दारापाशी गेला आणि बिल्वकाचा हात धरून त्याला आत घेऊन आला. दोघे एकाच चटईवर बसले. झाडे न सोलता रंग कसा काढता येईल, हे क्षेमक त्याला हळू आवाजात विचारू लागला, आणि बिल्वक सांगू लागला.

हिलाच मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची पूर्णता, म्हणतात. ती झाडाला जवळ करते आणि झाड तोडणाऱ्यालाही दाराबाहेर ठेवत नाही.